आचार्य श्रीनागदेव : श्रद्धा भार की आधार

धर्मश्रद्धा मनुष्यास भार होते की आधार, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. आद्य आचार्य श्रीनागदेव उपाख्य भटोबास यांच्या चरित्राकडे पाहिले असता त्याचे उत्तर मिळते.

त्यांच्या काळी देवगिरीच्या यादवांचे राज्य होते. यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथात व्रते, दाने व श्राद्धे यांचा प्रचंड संग्रह संस्कृतात केला. सामान्य स्त्रीपुरुषांनी व्रत आचरावे, दान द्यावे. परंतु त्याचा अर्थ मात्र दुसऱ्याच्या मुखाने ऐकावा. न कळता वाहिलेली श्रद्धा भार होते, ती अशी.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या सन्निधानात नागदेवांनी संसाराचा त्याग केला. स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर विरहदुःखाने व्याकुळ झालेले नागदेव रिद्धपुरी आले व श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. याच काळात, इ. स. १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटांनी लीळांचे संकलन केले. श्रीप्रभूंच्या प्रयाणानंतर, असन्निधानाच्या काळात, पंथाची धुरा आचार्यांनी इ. स. १३०२ पर्यंत वाहिली.

केशवराज सूरी व दामोदर पंडित हे दोघेही संस्कृतज्ञ. त्यांनी संस्कृतात प्रश्न केला असता आचार्यांनी तो मराठीत विचारण्यास सांगितले. स्वामींनी आपणास मराठीतूनच निरूपण केले. आणि संस्कृताचा अवलंब केल्यास आपल्या आश्रयाच्या वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, हे त्यांचे कारण ‘स्मृतिस्थळा’त नोंदलेले आहे.

असतीपरीचा आचार सोपा नव्हता. भिक्षाभोजन, अटन, विजन, स्वजनांचा व स्वदेशाचा संबंधत्याग, हे सारे कष्टाचेच. पण त्या वृद्धांना आपण काय सोडले व कोणासाठी सोडले, हे स्वभाषेत कळत होते. म्हणून कष्ट असूनही तो भार झाला नाही. भार आणि आधार यांतील अंतर कष्टाच्या मोजमापात नसून बोधात आहे.

पुढे पंथीय ग्रंथ सकळादी सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. त्यायोगे ग्रंथ जपले गेले, परंतु कित्येक शतके ते बाहेरच्या जिज्ञासूंना बंद राहिले. रिद्धपुरी २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट होय. तथापि हिंगण्यासारख्या गावी वासनिकांच्या घरी नित्यपाठ होतो, तेव्हा घरातील लेकरांस व म्हाताऱ्यांस त्याचा अर्थ सांगितला जातो काय, हे प्रत्येकाने पाहावे. भिक्षुकांनी निरूपण करताना त्या वृद्ध स्त्रिया आपल्यासमोर बसल्या आहेत, असे समजावे. आचार्यांचे ऋण फेडण्याचा हाच मार्ग आहे.