डार्विनने घरात कबुतरं आणि कोंबड्या का पाळल्या होत्या?

बोरिवलीहून बोटीने खाडी ओलांडून गोराईला गेलं, की जेवणाआधी एक प्रश्न हमखास येतो. गावठी की बॉयलर? या दोन्ही कोंबड्यांचा मूळ पूर्वज कोण, हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने फार मनावर घेतला होता. त्याचं नाव चार्ल्स डार्विन.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, इंग्लंडमधल्या श्रूजबरीचा. वडील डॉक्टर, पण याने डॉक्टरकी अर्धवट सोडली. १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षं तो बीगल जहाजावर फिरला. परतल्यावर सजीव हळूहळू बदलत जातात, हा विचार त्याच्या डोक्यात पक्का बसला. पण पुरावा हवा होता.

तो त्याने शौकीन लोकांच्या खुराड्यात शोधला.

१८४५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि इंग्लंडमध्ये त्यांचं वेडच लागलं. तुरा कसा हवा, पिसांवरची नक्षी कशी हवी, यावर बक्षिसं ठरायची. १८६५ मध्ये तर प्रत्येक जातीचे निकष छापूनच आले. ते संपादित करणारा टेगेटमायर हा डार्विनचा दोस्त.

पद्धत साधी होती. हवा तसा कोंबडा आणि हवी तशी कोंबडी निवडायची, बाकीच्या बाजूला काढायच्या. पिढ्यानपिढ्या हेच केलं की जात बदलते. डार्विनचा सवाल असा, की माणूस थोड्या वर्षांत एवढं करू शकतो, तर निसर्ग लाखो वर्षांत काय करेल?

१८५५ पासून त्याने स्वतः कबुतरं पाळली, लंडनच्या कबुतरबाजांच्या क्लबांत गेला, भारतासह जगभरातून पक्ष्यांची कातडी मागवली.

जून १८५८ मध्ये वॉलेसचं पत्र आलं. त्यात डार्विनचाच सिद्धांत होता! वीस वर्षांची मेहनत हातची जाणार असं वाटत असतानाच त्याचं तान्हं बाळ तापाने गेलं. १ जुलैला दोघांचे लेख लंडनमध्ये एकत्र वाचले गेले, तेव्हा डार्विन तिथे नव्हता. पुढच्या वर्षी त्याचा गाजलेला ग्रंथ आला.

कोंबड्यांचा हिशोब मात्र बाकी होता. प्रत्येक जातीचा जंगली पूर्वज वेगळा, असं अनेक शौकीन मानायचे. डार्विनने काळा स्पॅनिश कोंबडा आणि पांढरी सिल्की कोंबडी यांचा संकर केला. एका पिल्लाला चक्क लाल रानकोंबड्यासारखी पिसं आली. कोलकात्याच्या एडवर्ड ब्लिथकडूनही त्याला माहिती मिळत होती. १८६८ च्या पुस्तकात त्याने निष्कर्ष मांडला, की सगळ्यांचा पूर्वज एकच, लाल रानकोंबडा.

१९ एप्रिल १८८२ ला डार्विन गेला. त्याचं उत्तर बऱ्याच अंशी बरोबर निघालं, पण पूर्ण नाही. २००८ मधल्या जनुकीय संशोधनातून कळलं, की कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक राखाडी रानकोंबड्याकडून आलंय. डार्विनने पूर्वजांच्या यादीतून वगळलेला हा पक्षी राहतो आपल्या सह्याद्रीत.

आणि बॉयलर? तिच्या पूर्वजांमधली कॉर्निश जात इंग्लंडमध्ये घडली, ती भारतातल्या झुंजीच्या असील कोंबड्यापासून. म्हणजे ताटात गावठी असो वा बॉयलर, दोघींचं एक मूळ आपल्याकडचंच आहे.