नारायण वामन टिळक आणि 'देवाचा दरबार'

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची नोंद बहुधा फुलामुलांचे कवी आणि बालकवी ठोमरे यांना पुत्रवत आश्रय देणारे गृहस्थ अशी होते. त्यांच्या आयुष्याची अखेरची दोन वर्षे वाङ्मयेतिहासकार धर्मकारणाचा भाग म्हणून बाजूस ठेवतात. चर्चच्या वर्तुळातही ती एका भावनाप्रधान कवीची लहर मानली गेली. वस्तुतः टिळकांच्या काव्याचे आणि श्रद्धेचे मर्म याच दोन वर्षांत उघड होते.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांचे संस्कृत अध्ययन झाले. पुढे नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी धर्मचर्चेसाठी 'ऋषि' हे मासिक चालविले. राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला आणि गिरिप्रवचनाने त्यांचे चित्त वेधले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो भारतीय पाद्र्याच्याच हातून घ्यावयाचा हा त्यांचा आग्रह होता, व त्याप्रमाणे रेव्हरंड तुकाराम नाथोजी यांनी तो दिला. पुढील बावीस वर्षांची बीजे या आग्रहात सापडतात. पत्नी लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे दुरावल्या. 1900 साली त्यांनीही स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

यानंतरचे टिळकांचे बहुतेक आयुष्य अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि राहुरी या परिसरात गेले. ते धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत, 'ज्ञानोदय' पत्राची मराठी बाजू सांभाळीत, कीर्तने करीत. परभाषेतून आणलेल्या चालींवर गाणाऱ्या मंडळींना त्यांनी अभंग आणि भजन दिले. हा केवळ छंदांचा पालट नव्हता. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. ख्रिस्ताकडे जाण्यासाठी मराठी माणसाने आपली भाषा, पेहराव, गुरुभक्तीची रीत टाकून परके व्हावयास हवे काय, हा त्यांचा प्रश्न होता.

सप्टेंबर 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगार नाकारला आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास मुक्काम हलविला. तेथे 'देवाचा दरबार' उभा राहिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताला गुरू मानून येथे बंधुभावाने एकत्र यावेत, अशी ही कल्पना होती.

वेतन व सनद देणारी मिशनसंस्था बाजूस ठेवून पाहिले की दरबाराचे साम्य आद्य ख्रिस्ती मंडळीशी दिसू लागते. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथातील शिष्य घरोघरी भाकर मोडीत व आपले धन सामाईक मानीत. पौल तंबू शिवून पोट भरी. इसवी सनाच्या पन्नासाव्या वर्षाच्या सुमारास यरुशलेमच्या सभेने निर्णय दिला, की परराष्ट्रीयांनी ख्रिस्ताचे होण्यासाठी सुंता करून आधी यहुदी होण्याचे कारण नाही. टिळकांचा प्रश्न हाच होता; यहुद्यांच्या जागी पाश्चात्त्य आले होते एवढेच. हा प्रश्न त्या काळी महाराष्ट्रापुरता नव्हता. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात 1906 साली सुशीलकुमार रुद्र हे पहिले भारतीय प्राचार्य झाले, त्यामागेही भारतीय ख्रिस्ती माणसाच्या अधिकाराचाच वाद होता.

तथापि हे साम्य एका ठिकाणी अडते, आणि ते झाकून ठेवणे टिळकांवरच अन्याय करणारे होईल. आद्य मंडळीने सुंतेची अट काढली, बाप्तिस्म्याची काढली नाही. पुढील शतकांत बाप्तिस्म्यापूर्वी दीर्घ शिक्षणाची प्रथा पडली. असे शिकाऊ लोक उपासनेला येत, परंतु प्रभुभोजनापूर्वी त्यांना बाहेर जावे लागे. दरबाराने बंधुत्वाची सीमाच बाप्तिस्म्यापलीकडे नेली. पूर्वाधाराच्या कसोटीवर हे टिकत नाही. मला ते वारकऱ्यांच्या दिंडीच्या अधिक जवळचे वाटते: तेथे चालणाऱ्याला आधी त्याची नोंद कोणत्या वहीत आहे हे विचारीत नाहीत. आजच्या ख्रिस्ती मंडळींनी या प्रयोगाकडे पाहताना टिळकांनी आद्य मंडळीकडून काय घेतले आणि पंढरीच्या वाटेवरून काय आणले, हे वेगळे करून पाहावे. पहिल्याचा स्वीकार सोपा आहे. दुसऱ्याचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.

दरबाराला पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाला अग्निसंस्कार देण्यात आला व अस्थी नगरला नेण्यात आल्या. ख्रिस्ती समाजात त्या काळी ही गोष्ट विलक्षणच होती. संस्थापकामागे दरबार टिकला नाही. पण जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने 1922 साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी टिळकांचे चरित्र प्रसिद्ध केले. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. त्याचे पुढचे बहुसंख्य अध्याय रचले ते शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी, आणि तेही ओवीत.