अश्वविद्येचा आचार्य झेनोफन

ग्रीस देशातील अथेन्स नगरीत इसवी सनापूर्वी ४३० च्या सुमारास झेनोफनचा जन्म झाला. थोर तत्त्वज्ञ सॉक्रेटीस ह्याचा तो शिष्य. कोणतीही गोष्ट विचारपूर्वक करावी, हा गुरूचा धडा तो घोड्याच्या पाठीवरही विसरला नाही.

इ. स. पू. ४०१ मध्ये इराणचा राजपुत्र सायरस ह्याने आपल्या भावाचे सिंहासन घेण्यासाठी स्वारी केली. त्याच्या फौजेत दहा हजारांहून अधिक ग्रीक सैनिक होते. झेनोफनही त्यांच्यासमवेत गेला. लढाईत सायरस पडला. पुढे शत्रूने ग्रीक सेनापतींना कपटाने पकडून ठार केले. परमुलखात अडकलेल्या सेनेने नवे नायक निवडले. त्यांत झेनोफन होता. आपल्यापाशी घोडदळ नाही, म्हणून सैनिक खचले होते. स्वाराला शत्रूप्रमाणेच खाली पडण्याचेही भय असते, पायदळाचे पाय मात्र जमिनीवर घट्ट असतात, असे सांगून त्याने त्यांना धीर दिला. तथापि घोडदळाची उणीव तो जाणून होता. लवकरच त्याच्या सूचनेवरून सामानाचे घोडे निवडून सुमारे ५० स्वारांचे पथक उभे राहिले. अनेक हालअपेष्टा सोसून ती सेना काळ्या समुद्राच्या किनाऱ्यास पोहोचली.

पुढे अथेन्सने झेनोफनला हद्दपार केले. ऑलिंपियाजवळील एका खेड्यात तो बरीच वर्षे राहिला. त्याने आपल्या तरुण मित्रांसाठी अश्वविद्येवर एक ग्रंथ लिहिला. त्या काळी ग्रीकांना रिकीब ठाऊक नव्हती. स्वाराला सहसा उडी मारून घोड्यावर बसावे लागे. म्हणून उडी घेताना लगामाची दोरी सैल धरावी, घोड्याच्या तोंडाला हिसका बसू देऊ नये. पाठीवर गुडघा न टेकता पाय सरळ पलीकडे टाकावा, असे त्याने शिकविले. स्वाराचा गुडघ्याखालचा पाय सैल असावा, म्हणजे तो कशावर आपटला तरी मोडत नाही. खरारा करणाऱ्याने घोड्याच्या अगदी पुढून वा मागून जाऊ नये, बाजूने जावे. घोडा बुजला तर त्याला न मारता, भ्यालेली वस्तू हळूहळू दाखवावी. रागाच्या भरात तर घोड्याजवळ जाऊच नये. घोडदळाच्या सरदारासाठी लिहिलेल्या दुसऱ्या ग्रंथात, चपळाईने घोड्यावर उडी घेता आल्यामुळे अनेकांचे प्राण वाचले, असेही त्याने नमूद केले आहे.

ह्या विद्येमागील धोका त्याने स्वतःच्या घरीही अनुभवला. त्याचा पुत्र ग्रिलस हा इ. स. पू. ३६२ मध्ये मँटिनीआच्या रणांगणावर घोडदळात लढताना कामी आला. इ. स. पू. ३५४ च्या सुमारास झेनोफनचाही अंत झाला.

आज अनेक देशांतील मुले दोरीवर गोल धावणाऱ्या शांत घोड्याच्या पाठीवर कसरती शिकतात. प्रथम लाकडी पिंपावर उडी घेण्याचा व उतरण्याचा सराव करून मगच ती घोड्याकडे वळतात. त्यामुळे अंगी तोल, चपळाई व धैर्य येते. परंतु घोड्याचा विश्वास संपादन केल्यावाचून स्वार सुरक्षित नाही, ही झेनोफनची शिकवण आजही तितकीच खरी आहे.