श्वास मोजणारा योगी : स्वामी कुवलयानंद

नांदेड-लातूरच्या योगवर्गांत असो वा पोहण्याच्या तलावावर, श्वास किती वेळ रोखता येतो याची चढाओढ अनेकांना मोहात पाडते. कुंभक जितका दीर्घ तितका शरीराला प्राणवायू अधिक, अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत प्रयोगशाळेत पारखून पाहण्याचे श्रेय स्वामी कुवलयानंद यांच्याकडे जाते.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोदा संस्थानातील डभोई येथे ३० ऑगस्ट १८८३ रोजी त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकला संस्कृतमधील जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीचे ते मानकरी ठरले. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी शरीर घडवले, तर नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून योगाची दीक्षा घेतली. अमळनेरला अध्यापन केल्यानंतर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनपर नियतकालिक सुरू केले.

योगाचे परिणाम केवळ श्रद्धेवर सोडायचे नाहीत, हा त्यांचा बाणा होता. क्ष-किरण, दाबमापक आणि वायुपृथक्करणाची उपकरणे त्यांनी आसने व प्राणायामाच्या अभ्यासाला लावली. प्राणायामात नेहमीच्या श्वसनापेक्षा प्राणवायू जास्त मिळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. स्वतः योगी असूनही प्रचलित समजुतीला छेद देणारा हा निष्कर्ष त्यांनी दडवला नाही.

आजच्या शरीरविज्ञानाने यातील धोक्याची बाजूही स्पष्ट केली आहे. श्वास घेण्याची तीव्र ओढ मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्याने लागते, प्राणवायू घटल्याने नव्हे. पाण्यात बुडी मारण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेतले की हा वायू कमी होतो, शरीराची धोक्याची सूचना लांबते आणि पूर्वकल्पना न येता शुद्ध हरपू शकते. म्हणून बुडीपूर्वी असे श्वसन करू नये, पाण्यात एकट्याने श्वास रोखण्याचा सराव करू नये आणि जवळ जाणकार सोबती असावा. हृदयविकार, उच्च रक्तदाब वा अपस्मार असलेल्यांनी, तसेच गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याविना कुंभक टाळावा. प्राणाला हिंस्र श्वापदाप्रमाणे हळूहळूच वश करावे, हा हठयोगाच्या ग्रंथांतील इशाराही याच सावधगिरीचा आहे.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले. श्वासावर ताबा मिळवण्याआधी त्याचे मोजमाप समजून घ्यावे, ही त्यांच्या आयुष्याची शिकवण आजच्या साधकालाही तितकीच उपयोगी आहे.