इंजिन पुढे, चाके मागे, मध्ये क्लच : एमिल लेवासॉर

जुनी मोटार पुन्हा रस्त्यावर आणण्याचा ध्यास घेतलेला माणूस गॅरेजमध्ये शिरला, की त्याच्यासमोर बहुधा पहिले कोडे उभे राहते ते क्लचचे. इंजिन सुरू होते, आवाजही गोड येतो. पण गिअर टाकताना कर्कश दात वाजतात, किंवा गाडी सुटताना अंगभर थरथरते, किंवा चढावर इंजिन नुसतेच ओरडते आणि गाडी जागची हलत नाही. जाणता मिस्त्री अशा वेळी गिअरबॉक्स लगेच उतरवत नाही. तो पेडलपासून सुरुवात करतो आणि एकेक भाग तपासत इंजिनाकडे सरकतो. दोष शोधण्याची ही वाट त्याला मोकळी मिळते, याचे कारण मोटारीचे भाग एका ओळीत मांडलेले असतात. पुढे इंजिन, त्याच्या पाठीशी फ्लायव्हील, मग क्लच, मग गिअरबॉक्स आणि शेवटी मागची चाके. ही ओळ ज्यांनी प्रथम मांडली, ते फ्रेंच अभियंते एमिल लेवासॉर.

लेवासॉर यांचा जन्म २१ जानेवारी १८४३ रोजी पॅरिसच्या दक्षिणेस असलेल्या मारोल या गावी झाला. पॅरिसच्या ‘एकोल सांत्राल’ या नामवंत तंत्रविद्यालयातून ते १८६४ मध्ये अभियंता होऊन बाहेर पडले. बेल्जियममधील सेरँ येथील कॉकरिल यांच्या प्रचंड कारखान्यात त्यांनी काही काळ उमेदवारी केली. १८७० नंतरच्या दशकात ते पॅरिसला परतले आणि पेरँ व पानार यांच्या कारखान्यात रुजू झाले. रने पानार हे त्यांचे तंत्रविद्यालयातील सोबती. या कारखान्यात लाकूड कापण्याची यंत्रे, विशेषतः पट्टीच्या करवती तयार होत असत. मोटारीच्या इतिहासात अजरामर झालेली ‘पानार ए लेवासॉर’ ही जोडनावाची कंपनी पेरँ यांच्या १८८६ मधील निधनानंतर याच करवतींच्या कारखान्यातून उदयास आली.

लाकडाच्या यंत्रांना चालविण्यासाठी शक्ती लागते. त्या निमित्ताने कारखान्यात वायूवर चालणारी इंजिने बनू लागली होती. जर्मनीत गॉटलीब डाइमलर यांनी हलके, वेगवान पेट्रोल इंजिन सिद्ध केले, तेव्हा फ्रान्समध्ये त्याचे हक्क मिळविले ते एदुआर साराझाँ या गृहस्थांनी. ती इंजिने पानार ए लेवासॉर यांनी तयार करावीत, असे ठरले. परंतु १८८७ च्या अखेरीस साराझाँ अकाली निवर्तले. येथे सारा व्यवहार कोसळला असता. तो सावरला त्यांच्या पत्नी लुईझ यांनी. पतीच्या निधनानंतर त्या स्वतः जर्मनीतील कानश्टाटला गेल्या, डाइमलर यांचा विश्वास त्यांनी संपादन केला आणि फ्रान्समधील हक्क आपल्याकडे राखले. एकोणिसाव्या शतकातील एका विधवेने यंत्रांच्या व्यवहारात दाखविलेली ही धडाडी असामान्यच म्हटली पाहिजे. १८९० मध्ये लुईझ आणि एमिल लेवासॉर यांचा विवाह झाला.

इंजिन हाती आले. आता प्रश्न होता तो गाडीचा. त्या काळी कार्ल बेंझ यांच्या गाडीत इंजिन मागे होते आणि त्याची शक्ती चामडी पट्ट्यांनी चाकांकडे नेली जाई. पट्टा ओला झाला की घसरे, सैल झाला की उतरे. लेवासॉर यांच्या पहिल्या प्रयोगातही इंजिन आसनांखाली मध्यभागी होते. पण १८९१ मध्ये त्यांनी इंजिन उचलून गाडीच्या नाकाशी, उभे बसविले. त्यामागे क्लच, त्यामागे लहानमोठ्या दंतचक्रांची मालिका आणि तेथून साखळीने मागची चाके अशी रचना त्यांनी केली. पुढे जगभर ती ‘पानार पद्धत’ म्हणून ओळखली गेली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ते स्वतःच्या गाडीने पॅरिसहून समुद्रकाठच्या एत्रता गावी जाऊन आले. कुणी ओढणारे नाही, ढकलणारे नाही, आणि गाडी समुद्रापर्यंत पोहोचते, हे त्या काळी नवलच होते.

या रचनेत क्लच का लागतो, हे समजून घेतले पाहिजे. वाफेचे इंजिन उभ्या जागेवरून जोर लावू शकते. पेट्रोल इंजिनाला ते जमत नाही. ते आधी फिरत असावे लागते. शिवाय दोन सिलिंडरांच्या इंजिनातील स्फोट धक्क्याधक्क्यांनी होतात. हे धक्के पोटात घेऊन फिरणे एकसारखे ठेवण्याचे काम जड फ्लायव्हील करते. मराठी शास्त्रीय परिभाषेत त्याला ‘प्रचक्र’ असे नाव आहे. सतत फिरणारे हे जड चाक आणि स्थिर उभी गाडी यांची गाठ हळुवारपणे घालून द्यायची, हे क्लचचे काम. जुन्या पानार गाड्यांत फ्लायव्हीलच्या पोटात बसणारा, चामडे लावलेला शंकूच्या आकाराचा क्लच असे. पेडल सोडले की स्प्रिंग शंकूला फ्लायव्हीलमध्ये दाबे आणि चामड्याच्या घर्षणाने गाडी चालू लागे.

हा क्लच स्वभावाने आडदांड होता. चामडे कोरडे पडले की तो एकदम पकडे आणि गाडी उडी मारून सुटे. चामड्यावर तेल आले की तो घसरत राही. सुरुवातीच्या गाड्यांत दंतचक्रेही उघडीच असत. धूळ आणि चिखल थेट त्यांच्या दातांत जाई. १८९५ च्या सुमारास लेवासॉर यांनी ती बंद पेटीत, तेलात बसविली. आपली योजना ओबडधोबड आहे, पण ती चालते, अशी प्रांजळ कबुली ते देत असत असे सांगतात. तिच्यातील दोष त्यांना ठाऊक होते. मात्र प्रत्येक दोषाची जागा ठरलेली होती, आणि तोच तिचा मोठा गुण होता.

आजही युरोपात त्या काळच्या गाड्या जतन करणारे लोक हा क्लच त्याच जुन्या युक्त्यांनी ताळ्यावर आणतात. कोरडे, कडक झालेले चामडे एरंडेलासारख्या तेलाने मऊ करायचे; तेलकट होऊन घसरू लागले तर ते धुऊन त्यावर मुलतानी मातीची पूड भुरभुरायची. आपल्याकडे चेहऱ्याला लावली जाणारी माती शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारीच्या क्लचलाही गुण देते, ही मौजेची गोष्ट होय.

लेवासॉर यांच्या रचनेची खरी कसोटी लागली ती शर्यतींत. २२ जुलै १८९४ रोजी पॅरिस ते रुआँ ही स्पर्धा झाली. वाफेवर चालणारी द दियाँ यांची गाडी सर्वांत आधी पोहोचली, तरी पहिले पारितोषिक पानार ए लेवासॉर आणि पेजो यांना विभागून मिळाले. पुढच्या वर्षी, ११ जून १८९५ रोजी, पॅरिस ते बोर्दो आणि परत अशी सुमारे ११७८ किलोमीटरची शर्यत सुरू झाली. लेवासॉर तेव्हा बावन्न वर्षांचे होते. त्यांच्या गाडीत दोन सिलिंडरांचे जेमतेम चार अश्वशक्तीचे इंजिन होते. वाटेत रुफेक येथे दुसऱ्या चालकाने सूत्रे हाती घ्यावीत असे ठरले होते. पण लेवासॉर ठरल्या वेळेपेक्षा इतके आधी तेथे पोहोचले, की बदली चालक झोपेत होता. ते थांबले नाहीत. रात्री दिव्यांच्या मिणमिणत्या उजेडात, धुळीच्या रस्त्यावरून ते तसेच पुढे निघाले आणि परतीचा सारा प्रवासही त्यांनीच केला. ४८ तास ४८ मिनिटांनी ते पॅरिसला परतले. दुसऱ्या क्रमांकाची गाडी त्यांच्यानंतर सुमारे पावणेसहा तासांनी आली.

पहिले पारितोषिक मात्र त्यांना मिळाले नाही. स्पर्धेच्या नियमानुसार ते दोनपेक्षा अधिक आसनांच्या गाडीसाठी होते आणि लेवासॉर यांची गाडी दोन आसनी होती. त्यांच्यानंतर जवळजवळ अकरा तासांनी आलेल्या पेजो गाडीच्या केक्लँ यांना ते देण्यात आले. तरीही लोकांच्या मनातील विजेता कोण, याविषयी कोणाला संदेह नव्हता. दोन दिवस आणि दोन रात्री हजारो वेळा दाबलेला आणि सोडलेला क्लच टिकला होता. पट्ट्यांचे युग संपल्याची ती ग्वाही होती.

नियतीच्या मनात मात्र वेगळेच होते. १८९६ च्या पॅरिस-मार्सेय-पॅरिस शर्यतीत दक्षिण फ्रान्समध्ये एक कुत्रा गाडीच्या आड आला. गाडी उलटली आणि लेवासॉर फेकले गेले. त्या शर्यतीत पहिली आली ती पानार ए लेवासॉर यांचीच गाडी, पण ती चालविणारे मायाद हे होते. लेवासॉर कामावर परतले खरे, तथापि त्या दुखापतीतून ते पुरते सावरले नाहीत. १४ एप्रिल १८९७ रोजी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आराखड्याच्या फळ्यापाशी काम करतानाच त्यांना मृत्यूने गाठले, असे सांगितले जाते. त्यांच्या जागी आलेले आर्थर क्रेब्ज यांनी विद्युतचुंबकाने पकडणाऱ्या क्लचचा एकस्व हक्क आधीच घेतला होता. म्हणजे त्या आडदांड चामडी शंकूला पर्याय शोधण्याचे काम त्याच घरात सुरू झाले होते.

चामडी शंकूची जागा पुढे कोरड्या चकतीने, म्हणजे आपल्या परिचयाच्या क्लचप्लेटने घेतली. ओळ मात्र तीच राहिली. मुंबईच्या कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी काय किंवा अ‍ॅम्बॅसडर काय, दोन्हींत इंजिन पुढे आणि शक्ती मागच्या चाकांना, अशीच मांडणी होती. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. आता हौशी मंडळी अशा गाड्या जपून ठेवू लागली आहेत. त्यांच्या कामी लेवासॉर यांची ओळच येते.

इंजिनाचा वेग वाढतो पण गाडीचा वाढत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा क्लच घसरतो आहे असे समजावे. प्रथम पेडलची मोकळी चाल पाहावी. ती अजिबात नसेल, तर क्लच पूर्ण पकडतच नाही. चाल बरोबर असेल, तर प्लेट झिजली आहे, स्प्रिंगा मऊ पडल्या आहेत किंवा इंजिनाच्या मागच्या टोकातून तेल गळून प्लेटवर येते आहे. तेल गळत असता नुसती प्लेट बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. उलट, पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स गिअर दात वाजवीत पडत असेल, तर क्लच सुटत नाही. मोकळी चाल फाजील वाढली आहे का, दांडे वाकले आहेत का, हे आधी पाहावे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेलीही आढळते. केवळ पेडल दाबल्यावर घरघर येत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा.

गाडी सुटताना थरथरत असेल, तर इंजिनाखालचे रबरी आधार फाटले आहेत का, हे गिअरबॉक्स उतरविण्यापूर्वीच पाहून घ्यावे. ते धड असतील, तर तेलाचे डाग किंवा फ्लायव्हीलचे तोंड यांपैकी एकात कारण सापडते. फ्लायव्हील काढण्यापूर्वी त्याच्या बैठकीवर खूण करावी, म्हणजे ते पुन्हा त्याच जागी बसेल आणि तोल ढळणार नाही. त्याच्या तोंडावर निळसर डाग, बारीक तडे किंवा खाच दिसली, तर डायल गेज लावून ते सरळ फिरते का, हे तपासावे. किरकोळ खराबी घासून काढता येते. खोल तडा गेलेले फ्लायव्हील मात्र टाकूनच द्यावे, कारण वेगाने फिरताना ते फुटले तर जिवावर बेतते. जुन्या क्लचप्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. म्हणून तेथील धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी.

पॅरिसच्या पोर्त मायो येथे, जेथे ती १८९५ ची शर्यत संपली, तेथे १९०७ मध्ये लेवासॉर यांचे स्मारक उभारण्यात आले. शिल्पात ते आपल्या गाडीत बसलेले आहेत आणि दोन्ही बाजूंना त्यांचे स्वागत करणारी गर्दी आहे. आज विजेच्या मोटारींत क्लचच उरलेला नाही, आणि बहुतेक लहान गाड्यांत इंजिन व चाके दोन्ही पुढेच आहेत. परंतु ज्यांना जुन्या गाड्यांचा लळा आहे, त्यांचे हात जोवर पेडलपासून फ्लायव्हीलपर्यंत दोष शोधत जातील, तोवर करवतींच्या कारखान्यातील या अभियंत्याने आखलेली वाट वापरात राहील.