डॉ. रुस्तम वकील: सर्पगंधेचा हिशेब मांडणारे परळचे डॉक्टर

‘ही मुळी खा, बीपी गायब’ असा फॉरवर्ड तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. बहुतेक वेळा तो थापच असतो. पण एक मुळी खरंच बीपी उतरवते, आणि जगाला हे पटलं ते परळच्या केईएम हॉस्पिटलमधल्या एका पारशी डॉक्टरांमुळे.

रुस्तम जाल वकील यांचा जन्म 1911 चा, मुंबईतला. लंडनला शिकून एमडी झाले, परत आले आणि केईएममध्ये हृदयरोगाचे रुग्ण तपासू लागले. तेव्हा उच्च रक्तदाबावर डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. मीठ तोडा, आराम करा, नाहीतर थेट मोठं ऑपरेशन.

वैद्यांकडे मात्र सर्पगंधा होती. साप चावला, झोप येईना, वेडाचा झटका आला, सगळ्यावर तिचंच मूळ. तिने रक्तदाबही उतरतो, हे कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्येच लिहिलं होतं. परदेशात कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

मग वकील यांनी वेगळं काय केलं? 50 रुग्णांना हे औषध दिलं, रक्तदाब मोजत राहिले आणि नोंदी ठेवल्या. काही आठवड्यांत बहुतेकांचा रक्तदाब उतरला. 1949 मध्ये हे सगळं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आलं. 50 म्हणजे काही फार नव्हेत, पण आता कुणालाही पडताळून पाहता येईल असा हिशेब समोर होता.

आणि तो पडताळलाही गेला! अमेरिकेत बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी औषध वापरून पाहिलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने मुळातलं रेसर्पिन वेगळं काढलं. पुढे ते मानसिक आजारांवरही दिलं गेलं. 1957 मध्ये वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला, 1958 मध्ये पद्मभूषण.

फॉरवर्डमध्ये न येणारा भाग पुढे आहे. रेसर्पिनने काही रुग्ण खोल नैराश्यात गेल्याच्या नोंदी झाल्या. नाक चोंदणं, नाडी मंदावणं हेही होतंच. त्यामुळे नवी औषधं आल्यावर ते मागे पडलं. म्हणून बीपीची गोळी सोडून स्वतःच्या मनाने सर्पगंधा घेऊ नका.

वकील 1974 मध्ये गेले. सर्पगंधा जंगलातून इतकी उपटली गेली की आता तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.