विनोदाच्या कमाईतून ‘महात्मा फुले’

आचार्य प्रल्हाद केशव अत्रे म्हटले की पांढरपेशा मराठी माणसाला हशा आठवतो. विनोदी भाषणे, किस्से, ‘मोरूची मावशी’. आपल्या चळवळीला मात्र आठवते ती ७ डिसेंबर १९५६ ची दादर चौपाटी. हे दोन अत्रे जणू वेगवेगळी माणसे असावीत अशा थाटात दोन्हीकडे बोलले जाते. माणूस एकच होता, आणि पहिल्या अत्र्यांनी कमावले ते दुसऱ्या अत्र्यांनी कुठे खर्च केले, हे पाहण्यासारखे आहे.

जन्म १३ ऑगस्ट १८९८, सासवडजवळच्या कोडीत गावी, ब्राह्मण घरात. ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’ या विडंबन कवितांनी त्यांचे नाव झाले. पेशा शिक्षकाचा. पुण्याच्या कॅम्पातील शाळेचे ते मुख्याध्यापक होते, लंडनला जाऊन शिक्षकी पदविका घेऊन आले, मुलांसाठी वाचनमाला तयार केल्या.

१९३० नंतर बोलपट आले आणि नाटक कंपन्या धडाधड बसू लागल्या. अशा काळात १९३३ मध्ये बालमोहन नाटक मंडळीने त्यांचे ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आणले. सूर्यनमस्काराचे वेड, ज्योतिषाचे वेड, काव्याचे वेड, असे एकेका वेडाने झपाटलेले एक सुखवस्तू घर त्यात आहे. लोक पोट धरून हसले. पुढे ‘भ्रमाचा भोपळा’, ‘लग्नाची बेडी’ आली. मोलियरच्या कंजुषावरून ‘कवडीचुंबक’ आणि एका इंग्रजी प्रहसनावरून ‘मोरूची मावशी’ही त्यांनी रचली. सिनेमानेही त्यांना उचलले. मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’ (१९३८) आणि दामुअण्णा मालवणकरांची ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) या दोन्ही पटकथा अत्र्यांच्या. ‘ब्रह्मचारी’त त्यांनी ब्रह्मचर्याचे आणि बलोपासनेचे सोंग असे उघडे पाडले की संस्कृतिरक्षक बिथरले. धर्माच्या नावाने चाललेल्या ढोंगाला हसण्याचे धाडस त्या वर्गातल्या किती लेखकांनी केले?

पण खरे बोलायचे तर या साऱ्या विनोदाचे जग दिवाणखान्याचे आहे. रावबहादूर, प्रोफेसर, डॉक्टर, त्यांच्या शिकलेल्या मुली. गावकुसाबाहेरचा माणूस या हशात कुठेच नाही. त्याच वर्षांत भीमराव कर्डक यांच्यासारखे आंबेडकरी जलसाकार गावोगाव, चाळीचाळीत लोकांना हसवत होते आणि हसवता हसवता जातीवर कोरडे ओढत होते. मराठी विनोदाच्या इतिहासात त्यांना किती पाने मिळाली, हे इतिहास लिहिणाऱ्यांना विचारा.

अत्र्यांचे वेगळेपण असे की ते दिवाणखान्यात अडकून पडले नाहीत. पुणे नगरपालिकेत असताना त्यांनी रे मार्केटला महात्मा फुले मंडई हे नाव मिळवून दिले. ज्या पुण्यात जोतीरावांवर शेणगोळे फेकले गेले, तिथे रोज भाजी घेताना प्रत्येकाला ते नाव घ्यावे लागले! १९४० मध्ये त्यांनी ‘नवयुग’ साप्ताहिक काढले आणि एप्रिल १९४७ मध्ये बाबासाहेबांच्या जन्मदिनानिमित्त त्याचा आंबेडकर विशेषांक प्रसिद्ध केला. सवर्णांची बहुतेक वृत्तपत्रे बाबासाहेबांवर गरळ ओकत होती, तो हा काळ.

१९५३ चा त्यांचा ‘श्यामची आई’ राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. अशा यशानंतर कोणीही धंदेवाईक माणसाने आणखी एक हुकमी विनोदी चित्रपट काढला असता. अत्र्यांनी काढला ‘महात्मा फुले’. निर्मिती, लेखन, दिग्दर्शन तिन्ही त्यांचे. ४ जानेवारी १९५४ रोजी मुंबईत त्याचा मुहूर्त झाला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते. जोतीरावांना गुरू मानणाऱ्या महामानवाने या कामाला हात लावला, याहून मोठे प्रशस्तिपत्र ते कोणते? बाबुराव पेंढारकरांनी जोतीराव उभे केले, सुलोचनाबाईंनी सावित्रीमाई. चित्रपटाला रौप्यपदकही मिळाले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी १५ नोव्हेंबर १९५६ रोजी ‘मराठा’ दैनिक निघाले. त्याला तीन आठवडे झाले आणि बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. चौपाटीवर लाखोंचा आक्रोश होता, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तिथेच जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. त्या जनसागरापुढे श्रद्धांजलीचे भाषण केले अत्र्यांनी. आयुष्यभर हशा आणि टाळ्या घेणारा वक्ता त्या दिवशी लोकांबरोबर रडला. पुढे कित्येक दिवस ‘मराठा’त ते बाबासाहेबांवर लिहीत राहिले. तेच लेखन ‘दलितांचे बाबा’ या नावाने पुस्तकरूपात आपल्या घराघरांत पोचले.

त्यांच्या लेखणीचा तोल सुटे, हेही नोंदवले पाहिजे. फडक्यांपासून राजकीय विरोधकांपर्यंत अनेकांवर त्यांनी पातळी सोडून लिहिले. आपल्या बाजूने लिहिले म्हणून ते झाकायचे कारण नाही.

१९६२ मध्ये ‘तो मी नव्हेच’ आले. नावे आणि धर्म बदलत बायकांना फसवणारा त्यातला लखोबा लोखंडे प्रभाकर पणशीकरांनी फिरत्या रंगमंचावर गाजवला. १३ जून १९६९ रोजी अत्रे गेले. त्यानंतर ‘तो मी नव्हेच’चे प्रयोग वर्षानुवर्षे झाले, ‘मोरूची मावशी’ विजय चव्हाणांनी पुन्हा गाजवली. त्यांच्या नावाच्या स्मृतिसोहळ्यांत हीच नाटके सांगितली जातात, ‘महात्मा फुले’ एका ओळीत आटोपला जातो आणि चौपाटीवरचे ते भाषण बहुतेक वेळा राहूनच जाते.